राबाची राख आणि आंबेमोहोराचा वास: एक प्रस्तावना

गाडी बदलापूर सोडून वांगणीच्या पुढे गेली, की एप्रिल-मे महिन्यांत रुळांच्या दोन्ही अंगांना शेतांत काळे चौकोन दिसू लागतात. तो राब. शेण, पालापाचोळा, झाडांची छाटलेली टहाळ, वर गवत आणि त्यावर मातीचा पातळ थर असे रचून जमिनीचा तेवढा तुकडा भाजतात आणि पहिल्या पावसाच्या सुमारास त्या राखेत भाताचे बियाणे पेरतात. बदलापुरातल्या कात्रपमध्ये आता इमारतींची दाटी झाली आहे. पण शहराची हद्द ओलांडली की अंबरनाथ तालुक्याच्या गावांत खरिपाचे पीक म्हणजे भातच. या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला राब किती मोलाचा होता, हे इतिहासातही दिसते. इंग्रज सरकारने जंगले राखीव केली आणि टहाळ तोडायला बंदी आली, तेव्हा ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून एवढी ओरड झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावे लागले. त्या कमिशनपुढच्या मोठ्या प्रश्नांपैकी राब हा एक होता.

राबाने काय साधते, हे शेतकरी सांगतो तेवढे खरे आहे. तणाचे बी जळते, रोप जोमदार येते, आवणीच्या वेळी सहज उपटते. रसायनाच्या बाजूने पाहिले तर राखेतून रोपाला पालाश आणि स्फुरद मिळतो. कोकणच्या मुसळधार पावसात पालाश जमिनीतून सहज धुऊन जातो, म्हणून कोवळ्या रोपाला तो सुरुवातीलाच हाताशी असणे फार मोलाचे. या पुस्तकाचा विषय याच ठिकाणी सुरू होतो. पालाश कमी पडला तर रोपाच्या आत नेमके काय घडते, या प्रश्नाचा पाठलाग करता करता वनस्पतिशास्त्राला रेणूंचे एक कुटुंब हाती लागले आणि त्याचा पसारा पुढे रोपाच्या साऱ्या आयुष्यभर दिसू लागला.

१९५२ मध्ये इंग्लंडात एफ. जे. रिचर्ड्स आणि आर. जी. कोलमन यांनी पालाशाविना वाढवलेल्या बार्लीच्या पानांचा अर्क तपासला. त्यात त्यांना एक अनपेक्षित पदार्थ भरपूर सापडला: पुट्रेसिन. हा रेणू तोवर सडक्या मांसातला म्हणून प्रसिद्ध होता. बर्लिनच्या लुडविग ब्रीगर यांनी १८८० च्या दशकात तो कुजणाऱ्या ऊतींतून वेगळा केला होता. हिरव्या, जिवंत पानात त्याचे काय काम? उत्तराचा पहिला धागा विद्युतभारात होता. पालाश पेशीत धनभारित आयनाच्या रूपात असतो आणि पेशीतल्या ऋणभाराला तोलून धरतो. पालाश नसला की तो तोल सांभाळायला रोप धनभारित पुट्रेसिन तयार करते. पुढे असेही दिसले की बाहेरून पुट्रेसिन पाजले तर पालाश पुरेसा असलेल्या रोपाच्या पानांवरही पालाशाच्या कमतरतेसारखी लक्षणे उमटतात. म्हणजे गरजेपोटी साठवलेला हा पदार्थ अती झाला तर रोपाला इजाही करतो. या पुस्तकात मला जे सांगायचे आहे त्याचे बीज या एका निरीक्षणात आहे: या रेणूंची नुसती मात्रा पाहून काहीच कळत नाही, ते कशापासून आले, कशात रूपांतरित झाले आणि कुठे खर्ची पडले, हे पाहावे लागते.

आता या कुटुंबाची ओळख. चार कार्बन अणूंची सरळ साखळी आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक अमाइन गट, एवढेच पुट्रेसिन. त्याला तीन कार्बनांचा एक तुकडा जोडला की तीन अमाइन गटांचे स्पर्मिडिन होते. आणखी एक जोडला की चार गटांचे स्पर्मिन. तेवढेच अणू थोड्या निराळ्या क्रमाने जोडले गेले की थर्मोस्पर्मिन. या साऱ्यांना मिळून पॉलिअमाइन म्हणतात. स्पर्मिनचे स्फटिक तर सतराव्या शतकात अँटनी व्हॅन लेव्हेनहुक यांनी आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली मानवी वीर्यात पाहिले होते. त्याची रचना उलगडायला मात्र १९२० चे दशक उजाडले. जिवाणू, बुरशी, माणूस, भात, जांभूळ, सगळ्यांच्या पेशींत हे रेणू आहेत.

पेशीतल्या सामान्य स्थितीत हे अमाइन गट धनभारित असतात. डीएनए आणि आरएनए यांचा कणा ऋणभारित, पेशीपटलाचा पृष्ठभाग बव्हंशी ऋणभारित, पेशीभित्तीतले पेक्टिनही ऋणभारित. त्यामुळे पॉलिअमाइन या सगळ्यांना चिकटून राहतात. पालाश किंवा मॅग्नेशियम यांचा भार एका बिंदूशी असतो. स्पर्मिनचे चार भार लांब साखळीवर अंतराअंतराने बसलेले असतात आणि त्यामुळे ते मोठ्या रेणूला दोन-तीन ठिकाणी एकदम धरू शकते. आरएनएच्या घड्या टिकवणे, रायबोसोमचे भाग एकत्र ठेवणे, पटलातल्या आयनांच्या वाटा उघडणे-मिटणे, या कामांत त्यांचा हात आहे तो यामुळे.

महाविद्यालयाच्या वर्गात वाढीचा धडा शिकवताना आपण ऑक्सिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, इथिलीन, ॲब्सिसिक आम्ल अशी संप्रेरकांची नावे घेतो आणि पुढे सरकतो. पॉलिअमाइन त्या रांगेत बसत नाहीत. संप्रेरक अत्यल्प मात्रेत काम करतात. पॉलिअमाइन पेशीत त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. म्हणून काही दशके वाद चालला की यांना संप्रेरक म्हणावे की नाही. मला तो वाद फारसा फलदायी वाटत नाही. पेशीने विभागावे, गर्भ घडावा, खोड लांबावे, दाणा भरावा यासाठी हे रेणू लागतातच, हे एकदा सिद्ध झाल्यावर त्यांना कोणत्या रांगेत बसवायचे हा प्रश्न दुय्यम ठरतो.

ते सिद्ध कसे झाले, याची एक वाट नारळाच्या पाण्यातून जाते. १९४१ मध्ये अमेरिकेत योहानेस व्हॅन ओव्हरबीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे अतिशय कोवळे गर्भ नारळाच्या पाण्यावर काचेच्या नळीत वाढवले, आणि तेव्हापासून ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळांत नारळपाण्याला मान मिळाला. त्यात असे आहे तरी काय, या शोधात इटलीतल्या बोलोन्याचे नेल्लो बान्यी यांनी १९६६ मध्ये दाखवले की एका सूर्यफूलवर्गीय वनस्पतीच्या सुप्त कंदाच्या चकत्या नारळपाण्यातल्या अमाइनांनीही जाग्या होतात आणि त्यांच्या पेशी विभागू लागतात. नारळपाण्यात सायटोकायनिनही असते. बान्यींच्या प्रयोगाने मात्र वाढीच्या चर्चेत पॉलिअमाइनांना जागा मिळवून दिली.

पुढची वाट अरॅबिडॉप्सिस या लहानशा रोपावर गेली. जनुके बंद करून काय होते ते या रोपात नेमके पाहता येते. पुट्रेसिन तयार होण्याच्या वनस्पतींत दोन वाटा आहेत: एक आर्जिनिन या अमिनो आम्लापासून, दुसरी ऑर्निथिनपासून. अरॅबिडॉप्सिसमध्ये दुसरी वाटच नाही. त्यामुळे आर्जिनिनच्या वाटेवरची दोन्ही जनुके बंद केली की पुट्रेसिन संपते, आणि तसे बी गर्भावस्थेतच मरते. स्पर्मिडिन तयार करणारी दोन्ही जनुके बंद केली तरी तेच होते. स्पर्मिडिनचे एक काम असे आहे की ज्याला पर्याय नाही: पेशीत प्रथिने बांधली जात असताना मदत करणाऱ्या एका घटकाला, त्याचे नाव ईआयएफ-फाइव्ह-ए, स्पर्मिडिनचा एक तुकडा जोडला जावा लागतो. तो जोडला नाही तर ठरावीक क्रमाची प्रथिने बांधताना रायबोसोम अडखळतात. यीस्टपासून माणसापर्यंत ही व्यवस्था एकच आहे.

थर्मोस्पर्मिनची गोष्ट निराळी आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी. अरॅबिडॉप्सिसचे एक खुजे रूप होते. त्याला फुले येत, पाने येत, पण खोड लांबतच नसे. जपानमध्ये ताकू ताकाहाशी यांच्या गटाने त्यामागचे जनुक २००० मध्ये शोधले आणि ते स्पर्मिन तयार करते असे तेव्हा वाटले. काही वर्षांनी कळले की ते स्पर्मिन नसून थर्मोस्पर्मिन आहे. तो रेणू नसला की जलवाहिन्यांच्या पेशी मर्यादेबाहेर वाढतात, खोडाचे लाकूड होते आणि उंची खुंटते. म्हणजे थर्मोस्पर्मिन जलवाहिनीला 'आता पुरे' असे सांगते. अणूंची संख्या तीच, क्रम बदलला, आणि एक रेणू दुसऱ्याचे काम करू शकत नाही. विद्युतभाराने सगळे उलगडते असे मानणाऱ्यांना या रोपाने थांबवले.

आता ज्या ठिकाणी सगळ्यांत जास्त गैरसमज होतात तिकडे येतो. पुट्रेसिनचे स्पर्मिडिन आणि स्पर्मिडिनचे स्पर्मिन करायला जो तीन कार्बनांचा तुकडा लागतो तो एस-ॲडेनोसिल मेथिओनिन या रेणूपासून येतो. त्याला थोडक्यात सॅम म्हणतात. आणि फळ पिकवणारे, पान पिवळे करणारे इथिलीनही याच सॅमपासून होते. कल्याणला जशी एक वाट कसाऱ्याकडे आणि दुसरी कर्जतकडे फुटते तसा हा फाटा आहे. त्यावरून पाठ्यपुस्तकांत एक सरळ नियम रूढ झाला: सॅम पॉलिअमाइनकडे वळले तर तारुण्य, इथिलीनकडे वळले तर वार्धक्य. येल विद्यापीठात आर्थर गॅल्स्टन आणि रविंदर कौर-सॉनी यांनी ओटच्या पानांवर केलेल्या कामातून, तोडलेल्या पानाला पॉलिअमाइन दिले तर त्याचा हिरवेपणा टिकतो, हे दिसलेच होते. नियम आकर्षक होता. पण तो पुरता खरा नाही.

अमेरिकेत रोशनी मेहता, अवतार हांडा, ऑतार मट्टू आणि सहकाऱ्यांनी टोमॅटोत यीस्टचे एक जनुक घातले. ते फळ पिकण्याच्या वेळीच चालू होई आणि सॅमला पॉलिअमाइनच्या वाटेवर ढकले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: फळात स्पर्मिडिन व स्पर्मिन वाढले, लायकोपीन नेहमीच्या दुपटी-तिपटीवर गेले, वेलीवर फळ अधिक दिवस टिकले, आणि इथिलीनही कमी न होता उलट वाढले. दोन्ही फाट्यांवर एकाच वेळी वाहतूक वाढू शकते, कारण पेशी मागणी पाहून सॅमच जास्त तयार करते. भातातही असेच आहे. खोल पाण्यातल्या भाताचे कांडे पाण्याखाली गेले की भराभर लांबते, आणि त्या लांबण्यामागे इथिलीन असते; एली कोहेन आणि हान्स केंडे यांनी १९८६ मध्ये दाखवले की त्याच वेळी कांड्याच्या वाढत्या भागात पॉलिअमाइन तयार करणारी यंत्रणाही वेग घेते. उल्हास नदीचे पाणी चढले की काय होते ते बदलापूर-वांगणीच्या लोकांना सांगायला नको. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस याच भागात पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले. त्या पुरात शेतेही बुडतात. बुडालेल्या भाताच्या खोडात त्या तासांत इथिलीन आणि पॉलिअमाइन यांच्यात भांडण नसून देवघेव चाललेली असते, हे वाचकाने लक्षात ठेवावे अशी माझी इच्छा आहे.

ताणाच्या काळात पॉलिअमाइनचे वागणे या पुस्तकात सर्वांत जास्त पाने घेते, आणि ती मी मुद्दाम दिली आहेत. १९८२ मध्ये हेक्टर फ्लोरेस आणि गॅल्स्टन यांनी ओटच्या पानांना तीव्र द्रावणात ठेवून पाणी शोषणे अवघड केले. सहा तासांत पुट्रेसिन साठपटीपर्यंत वाढले. साहजिकच प्रश्न आला: हे वाढणे बचावाचे की इजेचे? या प्रश्नाचे एक उत्तम उत्तर बडोद्याहून आले. महाराजा सयाजीराव विद्यापीठात आर. कृष्णमूर्ती आणि के. ए. भागवत यांनी खारेपणा सोसणाऱ्या आणि न सोसणाऱ्या भातजाती मिठाच्या पाण्यावर वाढवून त्यांचे पॉलिअमाइन मोजले आणि ते काम १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. सोसणाऱ्या जातींनी स्पर्मिडिन आणि स्पर्मिन यांची पातळी उंच राखली होती आणि पुट्रेसिन कमी होते. न सोसणाऱ्यांचे चित्र त्याच्या उलट होते. म्हणजे पुट्रेसिन पुढच्या पायरीवर नेता येणे, हा जातीचा गुण.

धोतऱ्याने याला पुन्हा दुजोरा दिला. कात्रपच्या रिकाम्या भूखंडांवर उगवणाऱ्या धोतऱ्याच्याच कुळातल्या एका जातीतून आर्जिनिनच्या वाटेवरचे जनुक काढून टेरेसा कॅपेल, पॉल क्रिस्टो आणि सहकाऱ्यांनी ते भातात घातले. २००४ मध्ये त्यांनी दाखवले की पाणी तोडल्यावर या भातात पुट्रेसिन इतके वाढते की त्यातून स्पर्मिडिन आणि स्पर्मिन तयार होऊ लागते आणि रोप तगते. साध्या भातातही पुट्रेसिन वाढते, पण पुढे सरकत नाही, आणि रोप कोमेजते. बडोद्याच्या मोजणीत जे जातीजातींच्या तुलनेतून दिसले, ते इथे एका जनुकाच्या फरकातून दिसले. दिल्ली विद्यापीठात एम. व्ही. राजम यांच्या प्रयोगशाळेने वांग्यात ओटचे तसेच जनुक घालून अनेक ताणांना तोंड देणारी रोपे मिळवली. राजम यांचे नाव आणखी एका कामासाठी घ्यायला हवे. १९८५ मध्ये त्यांनी गॅल्स्टन यांच्याबरोबर दाखवले की बुरशीला पॉलिअमाइन ऑर्निथिनच्या एकाच वाटेने मिळत असल्याने ती वाट रोखणारे औषध फवारले की घेवड्यावरचा तांबेरा अडतो आणि झाडाला धक्का लागत नाही, कारण झाडाजवळ आर्जिनिनची दुसरी वाट आहे. दोन वाटांचा असा उपयोग करता येईल हे सुचणे, हीच खरी बुद्धी.

हे सगळे आपल्या नदीच्या खोऱ्यात कुठे बसते? उल्हास नदी कर्जतच्या बाजूने येते, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण करत खाडीला मिळते. वरच्या अंगाला कर्जतला १९१९ पासून भात संशोधन केंद्र आहे. आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे असून 'कर्जत' नावाच्या जाती आणि 'सह्याद्री' हा संकरित भात तिथला. खाडीकाठच्या खार जमिनींसाठी याच विद्यापीठाचे पनवेलचे खारभूमी संशोधन केंद्र. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या खारेपणा सोसणाऱ्या जाती तिथून आल्या. गोड्या पाण्याच्या खाचरापासून खारवटापर्यंतचा भात एवढ्या थोड्या अंतरात फार कमी ठिकाणी पाहायला मिळतो. बडोद्याच्या कामातला प्रश्न विचारायला याहून सोयीची जागा नाही.

खाचरातल्या आणखी एका नेहमीच्या तक्रारीचा उल्लेख करतो. लोंबीच्या टोकाकडचे दाणे आधी फुलतात आणि चांगले भरतात. खालचे मागाहून फुलतात आणि पुष्कळदा पोचट राहतात, पळींज वाढते. चीनच्या यांगझोऊ विद्यापीठातील यांग जियानचांग यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले की चांगल्या भरणाऱ्या दाण्यांत सुरुवातीच्या दिवसांत स्पर्मिडिन आणि स्पर्मिन जास्त असते आणि दाण्याच्या पेशी विभागण्याचा व भरण्याचा वेग त्यांच्याशी निगडित असतो. पुन्हा तीच दोन नावे, पुट्रेसिन मागे.

बाजाराविषयी बोलल्याशिवाय पुढे जाणे मला अप्रामाणिक वाटेल. कृषी सेवा केंद्रात वाढीची टॉनिके रांगेने लावलेली असतात, आणि शेतकरी ती घेतो, कारण डोळ्यांसमोर पीक उभे असते आणि हाती दुसरे काही नसते. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून जैव-उत्तेजकांना त्याच्या कक्षेत आणले, हे चांगले झाले. निदान बाटलीत काय आहे आणि त्याचा पुरावा काय, हे विचारायला कायद्याचा आधार मिळाला. पॉलिअमाइन फवारून उपयोग होतच नाही असे नाही. ऑस्ट्रेलियात झोरा सिंग आणि सहकाऱ्यांनी आंब्यावर मोहोराच्या काळात पॉलिअमाइन फवारून फळधारणा सुधारल्याचे दाखवले आहे. आपल्या हापूसची फळगळ पाहता कोणालाही मोह होईल. पण त्या प्रयोगांत वेळ, मात्रा, रेणू कोणता, झाडाची अवस्था काय, हे सगळे मोजून ठरवलेले असते. पालाश नसलेल्या बार्लीला पुट्रेसिनचा तोटा नव्हता, त्याचा अतिरेक होता; त्या रोपाची गरज पालाशाची होती. ज्या शेतात पालाश किंवा निचरा कमी आहे तिथे महागडी बाटली ओतणे म्हणजे रोगाचे लक्षण वाढवून रोग बरा होण्याची वाट पाहणे. आधी माती तपासा, मग रेणूंचा विचार करा, असे मी प्रत्येक शेतकरी वाचकाला कळकळीने सांगेन.

पॉलिअमाइन तयार होण्याइतकेच त्यांचे मोडणेही महत्त्वाचे आहे, आणि त्या मोडण्यातून आपल्या जेवणाच्या ताटापर्यंत एक धागा येतो. पेशीभित्तीजवळ काही विकरे पुट्रेसिन आणि स्पर्मिडिन यांचे ऑक्सिडीकरण करतात. त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर पडते. ते भित्ती कडक करते, जंतूंना अडवते, पर्णरंध्रे मिटण्याचा संदेश देते. दुसरा भाग उरतो तो अमिनो-ब्युटिराल्डिहाइड नावाचा लहान रेणू. बहुतेक भातांत बीएडीएच-२ नावाचे विकर त्याची लगेच विल्हेवाट लावते. पण ते विकर निकामी असेल तर हा रेणू साचतो, त्याचे एक कडे बनते आणि त्यातून टू-असिटिल-वन-पायरोलिन तयार होते. सुवासिक तांदळाचा वास प्रामुख्याने याच रेणूचा, हे अमेरिकेत रॉन ब्युटरी यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शोधले. ऑस्ट्रेलियात २००५ मध्ये त्या निकामी जनुकाची ओळख पटली: बासमतीसह अनेक सुवासिक जातींत त्यातली आठ अक्षरे गळालेली आहेत. प्रोलिन या अमिनो आम्लाचाही या वासाला हातभार लागतो. पण एक वाट नक्की पॉलिअमाइनच्या मोडण्यातून येते.

आंबेमोहोराचा वास हा याच रेणूचा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून निघालेल्या आणि १९८७ मध्ये प्रसारित झालेल्या इंद्रायणीचाही. भाताला वास यावा म्हणून घराघरांत कुंडीत जे लांब हिरवे पान लावतात त्यातही हाच रेणू आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात अल्ताफहुसेन नदाफ यांच्या गटाने आपल्याकडच्या सुवासिक भातांवर आणि या पानावर चिकाटीने काम केले आहे. मराठी माणसाने या संशोधनाकडे अभिमानाने पाहावे. सणाला आंबेमोहोराचा भात शिजवणाऱ्या घराला आपल्या पातेल्यातल्या वासामागे पुट्रेसिनचाही हात आहे हे सांगितले तर सुरुवातीला खरे वाटणार नाही. कारण हाच रेणू दुसऱ्या ठिकाणी कुजण्याचा वास म्हणून ओळखला जातो. रेणू स्वतः चांगला किंवा वाईट नसतो. तो कोणत्या पेशीत, कोणत्या विकराच्या हाती पडतो त्यावर सगळे ठरते.

हे पुस्तक वाचताना रसायनाच्या सूत्रांनी बिचकू नये. पहिली तीन प्रकरणे रेणूंची आणि त्यांच्या वाटांची आहेत. ज्यांना घाई आहे त्यांनी ती नंतर वाचली तरी चालेल. भात, टोमॅटो, आंबा यांची प्रकरणे स्वतंत्र वाचता येतील अशी लिहिली आहेत. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि त्याचे फळ तोडल्यावर किती लवकर मऊ पडते हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे; म्हणून फळाच्या भित्तीवरचे प्रकरण लिहिताना जांभूळ माझ्या नजरेसमोर होते. जीवशास्त्राच्या शिक्षकांसाठी शेवटचे प्रकरण आहे, त्याविषयी थोडे सविस्तर.

पॉलिअमाइन मोजायला फार मोठे यंत्र लागतेच असे नाही. ताजे पान थंड पर्क्लोरिक आम्लात वाटून अर्क काढायचा. तो डॅन्सिल क्लोराइडबरोबर ठेवला की प्रत्येक अमाइनला एक चमकणारी शेपटी जोडली जाते. मग टोल्युइनमध्ये घेऊन सिलिका जेलच्या पातळ थरावर थेंब ठेवायचा आणि द्रावक वर चढू द्यायचा. अतिनील दिव्याखाली पुट्रेसिन, स्पर्मिडिन आणि स्पर्मिन यांचे ठिपके वेगवेगळ्या उंचीवर चमकताना दिसतात. पर्क्लोरिक आम्ल धोकादायक आहे, ते शिक्षकाच्या हातीच राहावे आणि काम धूर ओढून घेणाऱ्या कपाटात व्हावे. बाकी हे सगळे पदवीच्या प्रयोगशाळेच्या आवाक्यातले आहे. गॅल्स्टन यांच्या काळात ओटच्या पानांवर याच पद्धतीने काम झाले.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, कर्जत, पनवेल या पट्ट्यात विज्ञान शिकणारी किती मुले आहेत, आणि त्यांच्या जवळपासच कर्जतच्या जाती आणि पनवेलच्या खारवटातल्या जाती उभ्या आहेत. एकाच वयाची रोपे घ्यावीत, काहींना गोडे पाणी, काहींना ठरावीक मिठाचे पाणी द्यावे, आणि आठवड्याच्या अंतराने पाने तपासावीत. कोणत्या जातीत पुट्रेसिनचा ठिपका फुगत जातो आणि कोणत्या जातीत तो ओसरून स्पर्मिन ठळक होते, एवढे जरी नीट नोंदले तरी ती वही खार जमिनीत भात लावणाऱ्याच्या कामाची असेल. कृती, प्रमाणे आणि नोंदीचा तक्ता शेवटच्या प्रकरणात दिला आहे.